कुडाळातलं हार्ड डिस्कवाल्यांचं दुकान: साडेचार स्टार, अर्धा स्टार पंख्यासाठी कापला

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. दुकानवाल्या काकांनीच हात जोडले, "नाव टाकू नको हां, गर्दी झाली तर माका जेवकसुद्धा गावाचा नाय." त्यामुळे रिव्ह्यू पूर्ण आहे पण पत्ता अर्धाच. कुडाळ, बाजारपेठेच्या बाजूला, चष्म्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. पावसात जिना निसरडा होतो, कठडा धरूनच चढा. ज्याला खरंच गरज आहे तो विचारत विचारत पोचतो, मी तशीच पोचले.

तर झालं असं. मी पुण्यात पीएचडी करते, फिजिक्समध्ये, घर देवबागला. ज्यांना देवबाग माहीत नाही त्यांच्यासाठी, मालवणच्या खाली वाळूची एक लांबुळकी जीभ आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये आम्ही आणि आमचे माड. दोन्हीकडून खारा वारा. खिडकीचे गज दोन वर्षांत फुगतात, सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल होते, तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक्सचं काय होत असेल विचार करा. गणपतीला घरी आले ती सोबत दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन, कारण गाईडना आकृत्या पाठवायच्या होत्या आणि मला वाटलं आरत्यांच्या मधल्या वेळात काम होईल (गणपतीत कोकणात घरी बसून काम कोणाचं झालंय आजवर, पण असो). चतुर्थीच्या संध्याकाळी घरातले झाडून सगळे दिवे चालू, माळा चालू, स्पीकर चालू, डिस्क एका स्वस्तातल्या यूएसबी हबला लावलेली, आणि लाईट गेली, आली, परत गेली आणि परत आली ती अशी आली की मखराच्या माळेतले निम्मे बल्ब उडाले, हबमधून जळका वास आणि डिस्कचा निळा दिवा बंद तो बंदच.

बॅकअप का नव्हता हे कृपया विचारू नका, आई सोडून सगळ्यांनी विचारून झालंय. जुना डेटा लॅबच्या कॉम्प्युटरवर होता, शेवटच्या चार महिन्यांचा फक्त ह्या डिस्कवर.

मग जे सगळे करतात तेच केलं. मावसभाऊ म्हणाला तांदळात ठेव, ठेवली. शहरातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांना फोन केला, त्यांनी डिस्क बघितलीसुद्धा नाही आणि ३८ हजारांच्या पुढे खर्च सांगून टाकला, वर तपासणीचे वेगळे आणि डेटा नाही मिळाला तरी ते परत नाहीत. ३८ हजार म्हणजे माझी फेलोशिप जवळजवळ संपली त्या महिन्याची. मग शेजारच्या होमस्टेवाल्या दादाने कुडाळचं हे दुकान सांगितलं, त्याच्या सीसीटीव्हीची डिस्क इथेच जिवंत झालेली.

दुकान गौरी-गणपती होईपर्यंत बंद. त्याची तक्रार करत नाही, कोकणात त्या दिवसांत दुकान उघडं असेल तर उलट काळजी वाटते की घरी सगळं बरं आहे ना. सातव्या दिवशी विसर्जन झालं आणि आठव्या दिवशी सकाळच्या एसटीने मालवण, तिथून चौके, धामापूर, नेरूरपार करत कुडाळ. डिस्क डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर.

वर गेले तर दहा बाय बाराची खोली, एक टेबल, त्यावर मॅग्निफायरचा दिवा, सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर, मागे रॅकवर मेलेल्या डिस्कांच्या हिरव्या प्लेटा पाकिटात घालून, प्रत्येक पाकिटावर मॉडेल नंबर पेनाने. ते बघूनच मला बरं वाटलं. जो माणूस जुने पार्ट लेबल लावून ठेवतो त्याच्याकडे डिस्क द्यायला हरकत नाही.

पहिला प्रश्न डिस्कबद्दल नव्हता. "खंयची गो तू?" देवबाग. "कोणाची?" सांगितलं. मग दोन मिनिटं माझ्या आजोबांची होडी, ती कोणी घेतली, आता कुठे आहे वगैरे झालं, आणि मग डिस्क हातात घेतली. हलवली, कानाला लावली, वास घेतला. तांदळाचं कळल्यावर चष्म्यावरून बघितलं, "तांदळात घातलंस? भात करूचो होतो काय?"

आता कामाचं सांगते, ज्यांच्या डिस्का गेल्यात त्यांनी हे नीट वाचा. काकांनी केस उघडून खालची सर्किट प्लेट बाहेर काढली आणि मल्टिमीटर डायोड तपासायच्या मोडवर लावून एका बारक्या काळ्या तुकड्यावर प्रोब टेकवले, बीप वाजला. प्रोब उलटे करून टेकवले, परत बीप. "दोनय बाजून वाजता म्हटल्यार ह्यो गेलो." तो होता टीव्हीएस डायोड, म्हणजे पाच व्होल्टच्या लाईनवर बसवलेला राखणदार. व्होल्टेज अचानक चढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढच्या चिप वाचवतो, स्वतः मरतो. चांगला डायोड एका बाजूने आकडा दाखवतो, उलट केला की दाखवत नाही, मेलेला दोन्हीकडून सारखाच बोंबलतो. काढला, नवीन लावला, दिवा लागला, मी उडीच मारली. आणि दोन सेकंदात आतून टक्. टक्.

काका तिसऱ्या टक्साठी थांबलेच नाहीत, केबल खेचलीच. हे मला फार आवडलं. माझा एक सीनियर अशीच टकटकणारी डिस्क रात्रभर चालू ठेवून बसला होता की कधीतरी लागेल, नंतर प्लॅटरवर, म्हणजे डेटा असतो त्या आतल्या तबकडीवर, गोल ओरखडे निघाले. डेटा वाचणारं हेड प्लॅटरच्या वर जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी, तिथे टकटक म्हणजे काय ते समजा.

प्लेट परत काढली, उलटी केली, आणि मला लेन्सखाली दाखवलं. जिथे प्लेटचे पॅड डिस्कच्या आतल्या कनेक्टरच्या पिनांना टेकतात, म्हणजे हेडचा सगळा निरोप जिथून बाहेर येतो, ते पॅड काळे पडलेले, शेवाळ धरल्यासारखे. "डिस्क मेली नाय गो, तिची वाचा बसली हा. खाऱ्या वाऱ्याचो प्रताप." मग ड्रॉवरमधून काय काढलं? शाळेतला पांढरा खोडरबर. हलक्या हाताने घासले, आयसोप्रोपिलने पुसले, पॅड चकचकीत, बसवली प्लेट, आणि डिस्क गुरगुरली आणि टकटक नाही. ३८ हजार विरुद्ध खोडरबर. (घरी करायला जाऊ नका, आणि दुसऱ्या डिस्कची प्लेट आणून बदलायला तर अजिबात जाऊ नका, प्रत्येक प्लेटवर आठ पायांची एक बारकी रॉम चिप असते, त्यात त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं असतात, ती चिप हलवल्याशिवाय नुसती प्लेट बदलून सहसा चालत नाही. काकांकडे असली अर्धवट ऑपरेशनं झालेली तीन पाकिटं आहेत.)

मग डिस्कमधून थेट फाइली कॉपी नाही केल्या, सेक्टर बाय सेक्टर पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली, खराब सेक्टर आले की सोडून पुढे, शेवटी मागे येऊन परत प्रयत्न. हे खूप वेळ चालतं. आणि त्या वेळात गप्पा.

काकांनी सहज विचारलं की असं काय आहे ह्यात. मी म्हटलं प्लॅटिनमच्या पातळ थरात करंट सोडला की पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचं काय होतं ते मोजते. साधारण इथे लोक "छान छान" म्हणतात आणि लग्नाचा विषय काढतात. काका म्हणाले, "स्पिन म्हंजे काय ता सांग आधी, भोवरो काय?"

आता मी इथे रिव्ह्यू सोडून भरकटणार आहे, ज्यांना फक्त रेट हवेत त्यांनी खाली जा.

भोवरा म्हणायचं पण भोवरा नाही. इलेक्ट्रॉन खरंच गरगर फिरत नाही, पण तो एका बारक्या चुंबकासारखा वागतो आणि मोजायला गेलं की कुठल्याही दिशेत त्याची दोनच उत्तरं येतात, वर नाहीतर खाली. १९२२ मध्ये श्टर्न आणि गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला तर त्याच्या दोन फांद्या झाल्या, आणि त्यामागे स्पिन आहे हे १९२५ मध्ये स्पिनची कल्पना आल्यानंतरच कळलं. काकांच्या हातातली डिस्कसुद्धा स्पिनवरच चालते हे सांगितल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये फेर आणि जर्मनीत ग्रुनबेर्ग, दोघांना वेगवेगळं सापडलं की चुंबकीय धातूंचे थर एकावर एक रचले तर थरांची चुंबकं एका दिशेला आहेत का उलट, यावर विजेचा रोध बराच बदलतो, कारण इलेक्ट्रॉन आपला स्पिन बघून सटकतो किंवा अडकतो. १९९७ मध्ये आयबीएमने तसलं हेड विकायच्या डिस्कमध्ये घातलं, २००७ मध्ये दोघांना नोबेल. काका तीस वर्षं डिस्का दुरुस्त करतायत आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी सहा वर्षं स्पिन शिकतेय आणि हेडचे पॅड कधी बघितले नव्हते. बरोबरी झाली.

पण ती चुंबकीय धातूंची गोष्ट, लोखंड कोबाल्टची. माझं प्लॅटिनम चुंबक नाहीच. त्यात वर स्पिनवाले आणि खाली स्पिनवाले सारखेच, एकूण शून्य. गंमत ही की त्यातून नुसता करंट सोडला, बाहेरून चुंबक न लावता, तरी पृष्ठभागापाशी एका बाजूचे स्पिन जरा जास्त होतात. आणि ती बाजू करंटच्या दिशेने नाही, पृष्ठभागातून वर पण नाही, पृष्ठभागात आडवी, करंटला काटकोनात.

का होतं त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला मी खाडीवरून सांगितला. कर्लीला ओहोटीची जोरात धार असते तेव्हा दोन्ही काठांना भोवरे सुटतात, एका काठाला एकीकडे फिरणारे, समोरच्या काठाला उलटे. पाणी सगळं समुद्राकडेच जातं, पण काठांवर फिरणं उलटसुलट साचतं. जड धातूत करंटचं तसंच, एका स्पिनचे इलेक्ट्रॉन थोडे एका पृष्ठभागाकडे झुकतात, दुसऱ्याचे समोरच्याकडे. ह्याला स्पिन हॉल इफेक्ट म्हणतात, दियाकोनोव आणि पेरेल यांनी १९७१ मध्ये सोव्हिएत रशियात कागदावर मांडला होता, हे नाव १९९९ मध्ये पडलं आणि डोळ्यांनी बघायला २००४ उजाडलं, अमेरिकेत सांता बार्बराला, गॅलियम आर्सेनाइड ह्या सेमीकंडक्टरमध्ये, धातूत नव्हे. तेहतीस वर्षं. माझी पीएचडी लांबली की हा आकडा मी आईला सांगते.

दुसरा रस्ता पृष्ठभागाचाच. धातूच्या आतल्या अणूला चारी बाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्याला वर कोणीच नाही. म्हटलं काका, आमच्या किनाऱ्यावरच्या घरासारखं, एका बाजूला वाडी आणि दुसऱ्या बाजूला नुसता दर्या. ह्या एकांगीपणामुळे तिथे पृष्ठभागाला उभं असं इलेक्ट्रिक फिल्ड तयार होतं, आणि त्यातून जोरात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते थोडं मॅग्नेटिक फिल्डसारखं भासतं, त्याच्या धावण्याला आडवं. मग उजवीकडे धावणाऱ्याचा स्पिन एका बाजूला कलतो, डावीकडे धावणाऱ्याचा उलट बाजूला. करंट नसताना दोन्हीकडे सारखेच धावतात, हिशोब शून्य. करंट चालू केला की एका दिशेला धावणारे जरा जास्त, मग तेवढा स्पिन उरतो. बिचकोव आणि रश्बा यांनी १९८४ मध्ये असल्या एकांगी जागेचं गणित मांडलं, एडेलस्टाइनने १९९० मध्ये करंटचा हा परिणाम. ("रश्बा? ह्यो खंयचो?" तो पण सोव्हिएतचाच हो काका.) आणि १९९६ मध्ये सोन्याच्या पृष्ठभागावर स्पिननुसार फुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या प्रत्यक्ष दिसल्या. सोनं म्हटल्यावर खालच्या चष्म्याच्या दुकानातली ताईसुद्धा वर येऊन बसली.

अणू जड असला की हे सगळं जोरात, म्हणून प्लॅटिनम, सोनं, टंगस्टन, बिस्मथ. तांब्यात फारच कमी. आणि टंगस्टनमध्ये स्पिन हॉलची दिशा प्लॅटिनमच्या बरोबर उलट येते, बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन अर्ध्याहून कमी भरलेत का जास्त यावर ते ठरतं. काका, "म्हंजे जुन्या बल्बाची तार उलटी वागता." हो, अगदी तेच.

हे मोजायचं कसं हा खरा ताप आहे. माझी पट्टी २० नॅनोमीटर जाड, १० मायक्रॉन रुंद. त्यातून करंट सोडते २० मिलीअँपिअर, म्हणजे एखादा साधा एलईडी पेटवायला लागतो तेवढा, पण पट्टी इतकी बारीक की दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी अँपिअर पडतात, घरच्या वायरीच्या हजारो पट दाटी. एवढं करून पृष्ठभागावर जमलेला स्पिन किती, तर लाखभर अणूंमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. आणि पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर आत गेलं की विरतो. तो दिसतो लेसरने. चुंबकीय पृष्ठभागावरून प्रकाश परत येताना त्याची कंपनाची दिशा किंचित वळते, जॉन केरला हे १८७७ मध्ये लोहचुंबकाच्या ध्रुवावर सापडलं होतं. माझ्या पट्टीवर ती वळते काही नॅनोरेडियन. एक नॅनोरेडियन म्हणजे हजार किलोमीटर लांब सरळ रेघ ओढली आणि टोकाला ती एक मिलिमीटर सरकली, एवढा कोन. झुरिकमध्ये २०१७ साली प्लॅटिनम आणि टंगस्टनमध्ये अशीच मोजणी झाली, दोन्हीची चिन्हं उलटी आली, आणि मी त्याच वाटेने चालतेय. एक बिंदू मिळवायला रात्र जाते, म्हणून ते चार महिने.

आणि एवढ्या बारीक सिग्नलमध्ये खोटं फार. करंटने पट्टी तापते, तापली की परावर्तन बदलतं, आणि तो बदल माझ्या स्पिनच्या सिग्नलला गिळून टाकेल एवढा मोठा. मी काकांना म्हटलं की मग आम्ही करंट उलटा करतो. उलटा केला की स्पिन उलटतो, पण उष्णता उलटत नाही, करंट कुठूनही सोडा, तापायचं ते तापणारच. जे उलटतं तेवढं ठेवायचं, जे उलटत नाही ते टाकायचं. प्रत्यक्षात एसी करंट सोडतो, स्पिनचा सिग्नल त्याच फ्रिक्वेन्सीवर येतो, उष्णतेचा दुप्पट फ्रिक्वेन्सीवर, लॉक-इन नावाचं, ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल वेचणारं यंत्र दोन्ही वेगळे करतं.

काकांनी काही न बोलता मल्टिमीटर उचलला, माझा मेलेला डायोड बशीतून काढला, प्रोब लावले, बीप, उलटे लावले, बीप, आणि बशीत टाकला. "उलटा करून बघल्याशिवाय काय्येक खरा धरू नको. ह्या माका माझ्या उस्तादान शिकवलेला, मुंबैक रेडिओच्या दुकानात." मी गप्पच. आमच्या लॅबमध्ये हेच शिकायला मला पहिलं वर्ष लागलं आणि एक सॅम्पल जाळावं लागलं.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण सेमिनारमध्ये मला याहून पुष्कळ बावळट प्रश्न आलेत.

पहिला. "करंट म्हटल्यार भोवती फिल्ड असतलाच. मगे ह्या त्या फिल्डाचाच नाय कशावरून?" बरोब्बर. करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते पण करंट उलटला की उलटतं, पृष्ठभागात आडवंच असतं, म्हणजे उलटून बघायची युक्ती इथे उपयोगाची नाही, दोन्ही सारखेच नाचणार. हिशोब करावाच लागतो. माझ्या पट्टीच्या पृष्ठभागावर ते साधारण सव्वा मिलीटेस्ला येतं, आणि प्लॅटिनम तेवढ्या क्षेत्राने जे काही चुंबकायचं ते कागदावर माझ्या सिग्नलच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत बसतं. काकांना पेनाने बिलाच्या पाठीवर करून दाखवलं. त्यांनी मान हलवली पण पूर्ण पटल्यासारखी नाही. "कागदावर."

दुसरा. "पत्र्याच्या वरच्या अंगाक स्पिन एका बाजूक, मगे खालच्या अंगाक काय?" उलट असायला हवा, खाडीच्या समोरच्या काठासारखा. "असूक होयो की बघलंस?"

नाही बघितलेला. माझे सगळे सॅम्पल सिलिकॉनवर आहेत, माझा लेसर लाल, त्याच्यासाठी सिलिकॉन म्हणजे भिंत, खालून लेसर जातच नाही. पारदर्शक काचेवर किंवा सफायरवर थर दिला तर खालून बघता येईल. इतकी सरळ गोष्ट चार महिने माझ्या डोक्यात आली नव्हती आणि जिच्या डोक्यात यायला हवी होती ती मी, कुडाळात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घामाने निथळत "अं" म्हणत होते. खालच्या पृष्ठभागावर धातूच्या पलीकडे हवा नाही, काच आहे, त्यामुळे पृष्ठभागाच्या एकांगीपणाचा वाटा तिथे वेगळा येऊ शकतो, आणि दोन रस्त्यांमधला कुठला किती हे भांडण ह्या विषयात अजून मिटलेलं नाही. म्हणजे प्रश्न नुसता बरोबर नव्हता, कामाचा होता.

उपयोग काय हे पण विचारलं, ते सगळेच विचारतात. जड धातूच्या पट्टीवर बारकं चुंबक बसवायचं, खालून करंट सोडला की साचलेला स्पिन वरच्या चुंबकाला पलटी मारतो. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गटाने प्लॅटिनमवरच्या कोबाल्टला असं पलटवलं, २०१२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात टँटलमने केलं. ह्यातून अशी मेमरी बनवतायत की लाईट गेली तरी आतलं जात नाही आणि आत फिरणारं, टकटकणारं काही नाही. काका म्हणाले म्हणजे माझा धंदा बसला. मग स्वतःच म्हणाले, पॅड तर असतीलच ना, आणि खारा वारा पण.

बरं, आता रेट. एकूण घेतले २८०० रुपये, त्यात डायोड, सफाई आणि इमेज काढणं सगळं, माझी स्वतःची नवीन डिस्क मी आणून दिली ती वेगळी. आधी एक रुपया घेतला नाही, "पैसे मगे दी, आधी चलता काय ता बघूया". डेटा परत मिळाला तो तीन फाइली सोडून सगळा, आणि त्या तीनपैकी एक होती मागच्या वर्षीच्या शिमग्याचा व्हिडिओ, त्यामुळे चार महिने वाचले असंच धरते. नवीन डिस्कमध्ये टाकून दिलं, जुनीवर मार्करने "वापरू नको" लिहून परत दिली. त्यांच्याकडची इमेज माझ्यासमोर पुसली, मी विचारायच्या आधी. हे तुम्ही कुठेही रिकव्हरीला द्याल तिथे विचारा, बरेच जण विचारत नाहीत आणि आपले फोटो, कागदपत्रं, सगळं तिथेच राहतं.

आता वाईट. दोन दिवस सांगितले आणि नऊ दिवस लावले. मधे दोनदा लाईटमुळे इमेज थांबली हे खरं, पण फोन करून सांगायचं ना, मी पुण्याचं तिकीट दोनदा बदललं, आणि गणपतीनंतर कुडाळहून तिकीट मिळणं काय असतं ते ज्याला माहीत त्याला माहीत. फोन उचलत नाहीत. जेवणाच्या वेळेत तर अजिबात नाही, एक ते चार दुकान बंद समजा. गुगल पे आहे पण रेंज नाही, जिना उतरून रस्त्यावर उभं राहून पाठवावे लागतात. पावती वहीच्या पानावर. पार्किंग नाही. आणि पंखा एकच आहे आणि तो ग्राहकाकडे नाही, तुमच्या डिस्ककडे तोंड करून असतो. डिस्क थंड राहायला हवी हे मला तत्त्वतः मान्य आहे, तरी अर्धा स्टार कापतेय.

कोणी जावं: लाईट चढल्यामुळे गेलेल्या, गंजाने अडलेल्या, यूएसबीचं टोक तुटलेल्या डिस्का, सीसीटीव्हीच्या डिस्का. कोणी जाऊ नये: डिस्क हातातून पडली असेल, आतून खरवडल्याचा आवाज येत असेल, तर ती धूळविरहित खोलीतच उघडावी लागते, ती इथे नाही आणि काका तसं सरळ सांगून परत पाठवतात, माझ्यासमोर एका फोटोग्राफरला पाठवलं, तपासणीचे पैसे घेतले नाहीत. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलचं विचारू नका, चिडतात.

आणि देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ला, किनारपट्टीवरच्या सगळ्यांनी, डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. तांदूळ नाही.

मी पुण्याला आल्यावर पंधरा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काका. स्वतःहून, दुपारी दोन वाजता, म्हणजे जेवण सोडून. मला वाटलं काही राहिलं असेल पैशाचं. "काय गो, खालच्या अंगाक काय दिसला?" म्हटलं काका, अजून काचेवरचा सॅम्पलच बनला नाही, थर द्यायच्या स्पटरिंग मशीनवर माझा नंबर पुढच्या आठवड्यात आहे. "बरा. उलटो करून बघ हां," आणि ठेवला.